पिसाच्या मुळाशी

ब्राझीलच्या बाहिया राज्यात कुरासा नावाचं गाव आहे. गावाभोवती बुटक्या, काटेरी झाडांचं कोरडं रान. तिकडे त्याला कातिंगा म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये या रानातून अकरा निळे पोपट पकडून आणले गेले. स्पिक्सचा मकाव या जातीचे, मोकळे उडणारे पक्षी जगात तेवढेच उरले होते. ‘रिओ’ या चित्रपटातला ब्लू ज्यांना आठवतो त्यांना हा पक्षी वेगळा सांगायला नको. पकडलेल्या पक्ष्यांची तपासणी झाली आणि अकराच्या अकरा जणांत सर्कोव्हायरस निघाला, असं ब्राझील सरकारच्या चिको मेंडेस जैवविविधता संस्थेनं जाहीर केलं.

या अकरांच्या मागे बराच इतिहास आहे. १९९० मध्ये रानात या जातीचा एकच नर उरला होता. ऑक्टोबर २००० नंतर तोही दिसेनासा झाला. उरलेले पक्षी कतार, जर्मनी, ब्राझील इथल्या खासगी संग्रहांत होते. त्यांच्यापासून पैदास करून मार्च २०२० मध्ये ५२ पक्षी जर्मनीहून कुरासाला आणले. जून २०२२ मध्ये त्यातले आठ रानात सोडले, डिसेंबरात आणखी बारा. काही मेले, काही हरवले, पण पुढच्या वर्षी रानातल्या ढोलीत पिल्लं निघाली. हे सगळं जुळून येत असताना मे २०२५ मध्ये रानातल्या एका पिल्लाच्या नमुन्यात विषाणू सापडला आणि चक्रं उलटी फिरली. सरकारनं या पक्ष्यांच्या पैदास केंद्राला १८ लाख रेआलचा दंड ठोठावला. दाणापाण्याची भांडी घाण होती, स्वच्छतेचे नियम पाळले गेले नाहीत, असा ठपका ठेवला. केंद्रानं तो नाकारला. आमच्याकडच्या शंभरावर पक्ष्यांपैकी मोजकेच पॉझिटिव्ह आहेत, असं केंद्राचं म्हणणं.

दंड कुणी भरायचा हे तिथली न्यायालयं पाहतील. मला या भांडणात रस वाटला तो चाचणीपुरता. दोन्ही बाजूंच्या हातात प्रयोगशाळेचे कागद आहेत आणि तरी एकमत नाही. कोविडच्या काळात आपण सगळेच आरटी-पीसीआर आणि सीटी व्हॅल्यू असे शब्द सहज बोलायला शिकलो. पण पॉझिटिव्ह आला म्हणजे नेमकं काय कळलं, हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही आपण घाईत ओलांडून पुढे गेलो. पोपटाच्या बाबतीत तो ओलांडता येत नाही, कारण तिथे त्या कागदावर जातीचं भवितव्य ठरतं.

*

हा सर्कोव्हायरस ऑस्ट्रेलियाकडचा मानला जातो. १९०७ साली एडविन ॲशबी या निसर्गप्रेमी गृहस्थानं ॲडलेडजवळच्या डोंगरांत पिसं झडलेले, उघडे पडलेले लालपुठ्ठे पोपट पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे सिडनीतले पशुवैद्य रॉस पेरी यांच्याकडे असेच काकाकुवे येऊ लागले: पिसं वाकडी, मुळाशी आवळलेली, चोच लांबत जाऊन तडकलेली. १९८४ मध्ये पास या सहकाऱ्याबरोबर पेरी यांनी या चोच-पीस रोगाचं तपशीलवार वर्णन छापलं. विषाणूची ओळख पटली ती नंतर, १९८० चं दशक संपता संपता.

विषाणू तरी केवढा! त्याच्या जनुकीय साखळीत जेमतेम दोन हजार अक्षरं. कोविडच्या विषाणूत सुमारे तीस हजार असतात. ही साखळी गोल वळलेली, एकपदरी, आणि तिच्यात मुख्य जनुकं दोनच. एक स्वतःच्या प्रती काढायला, दुसरं अंगावरचं कवच बनवायला. एवढ्या किरकोळ ऐवजावर तो पिसांच्या मुळातल्या वाढत्या पेशी आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती दोन्ही पोखरतो. अंगावर चरबीचं वेष्टण नसल्यामुळे साबण आणि साधी जंतुनाशकं त्याचं फारसं बिघडवत नाहीत. पिसांच्या भुकटीतून, विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पिंजऱ्याच्या फटीत, घरट्याच्या ढोलीत दीर्घकाळ टिकतो. प्रयोगशाळेत पेशींवर मात्र त्याची भरवशाची वाढ होत नाही. त्यामुळे ‘नमुन्यातला विषाणू जिवंत आहे का’ हे विचारायची सोपी सोय नाही. इथूनच अडचणीला सुरुवात होते.

*

आपल्याकडे पोपट पाळणाऱ्यांचा प्रयोगशाळेशी पहिला संबंध येतो तो रोगापायी नव्हे, नर-मादी ओळखण्यापायी. मकाव, कन्युअर, आफ्रिकन ग्रे यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच. जोडी लावायची तर डीएनए रिपोर्ट हवा. छातीवरची चार पिसं उपटून पाकिटात घालून कुरिअरनं पाठवायची. पक्ष्यांत मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, म्हणून जेलवर दोन पट्ट्या दिसल्या की मादी, एक दिसली की नर. हे प्रकरण इतकं सरळ आहे की तीच पिसं रोगाच्या तपासणीला पाठवली तर तेही तितकंच सरळ असणार, असा समज होतो. पक्ष्याचं लिंग आज एक, उद्या दुसरं असं होत नाही. संसर्गाचं तसं नाही.

आधी नमुन्याचंच बघा. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं पीस उचलून पाठवलं, तर त्यावर शेजारच्या पिंजऱ्यातली भुकटीही असते. अहवाल पॉझिटिव्ह येतो तो कुणाचा? नखं कापून काढलेल्या रक्ताचीही तीच गत, कारण नखाला विष्ठा आणि धूळ लागलेली असते. म्हणून जाणकार पशुवैद्य मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून रक्त घेतात. पक्ष्यांत ती शीर डावीपेक्षा मोठी असते. वजनाच्या शेकडा एक भाग एवढं रक्त घेतलं तर निरोगी पक्ष्याला सहसा अपाय होत नाही. पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरचा हिशोब केला तर ते मिलिलिटरचा तिसरा भाग भरतं आणि पीसीआरला तेवढंही लागत नाही. गाळण कागदावर वाळवलेले एक-दोन थेंब पुरतात. मात्र रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनच्या नळीत घेतलं, तर तेच हेपॅरिन पीसीआरमध्ये बिब्बा घालतं. अशा बारीकसारीक गोष्टी अहवालाच्या कागदावर कुठेच दिसत नाहीत. तिथे फक्त ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढंच लिहिलेलं असतं.

रक्त की पीस, हाही प्रश्न आहेच. नुकताच संसर्ग झालेल्या, पिसं अजून शाबूत असलेल्या पक्ष्यात विषाणू रक्तात सापडण्याची शक्यता जास्त. पिसं बिघडलेल्या पक्ष्यात नव्यानं फुटणाऱ्या पिसाच्या मुळातला मऊ गर तपासलेला बरा. रोग मुरलेल्या काही पक्ष्यांत रक्त निगेटिव्ह येतं, तेव्हा पिसाच्या मुळाचा छोटा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींच्या आत गडद रंग घेणारे विषाणूंचे पुंजके दिसले की शंका उरत नाही. पद्धत जुनी आहे, वेळखाऊ आहे, पण तिच्यात एक गोष्ट कळते जी पीसीआरला कळत नाही. विषाणूनं पेशीचं काय केलं आहे, ते डोळ्यांना दिसतं.

पीसीआर करतं काय? नमुन्यात विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा असला तर प्रत्येक फेरीत त्याच्या दुप्पट प्रती होतात. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जनुकाचा असा भाग निवडला की वेगवेगळ्या जातींच्या पोपटांतले या विषाणूचे प्रकार एकाच चाचणीत सापडावेत, आणि त्या धर्तीवरच्या चाचण्या जगभर पसरल्या. एवढी संवेदनशील चाचणी हाताशी आली हे वरदान खरं, पण तिला मेलेला आणि जिवंत विषाणू सारखेच. शरीरात वाढणारा आणि धुळीतून नाकात गेलेला, तेही सारखेच.

म्हणून धडधाकट दिसणारा पक्षी पॉझिटिव्ह आला तर शहाणा पशुवैद्य त्याला लगेच रोगी ठरवत नाही. पक्षी वेगळा ठेवायचा आणि नव्वद दिवसांनी पुन्हा तपासायचा, असा दंडक आहे. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आला तर शरीरानं विषाणू झटकला, किंवा तो मुळात शरीरात शिरलाच नव्हता. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आला तर संसर्ग टिकून आहे असं धरायचं. तीन महिने पक्षी वेगळा ठेवणं म्हणजे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी चप्पल, आणि त्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे कसं करायचं, याचं उत्तर पुस्तकात नसतं.

थोडं गणित केल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. समजा एका पैदासवाल्याकडे हजार पक्षी आहेत आणि त्यांतल्या दहांनाच खरा संसर्ग आहे. चाचणी उत्तम आहे. निरोगी पक्ष्यांपैकी शंभरात एकालाच ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते. ९९० निरोगी पक्ष्यांमधून साधारण दहा खोटे पॉझिटिव्ह निघतील, दहा खरे. हातात आलेल्या वीस पक्ष्यांपैकी निम्मे विनाकारण बदनाम. तीच चाचणी अशा कळपावर केली की जिथे निम्मे पक्षी बाधित आहेत, तर खोटे पॉझिटिव्ह नगण्य ठरतात. चाचणी बदलली नाही, कळप बदलला. कुरासाच्या अकरांपैकी अकरा पॉझिटिव्ह येणं मला म्हणूनच गंभीर वाटतं. एक-दोन आले असते तर वाद घालायला जागा होती. शंभरातले मोजके पॉझिटिव्ह, असं म्हणणाऱ्या केंद्राच्या बाबतीत मात्र त्या मोजक्यांकडे पुन्हा पाहायला हवं आणि निगेटिव्ह आलेल्यांकडेही.

*

पीसीआर येण्याआधीची चाचणी मला तिच्या साधेपणामुळे आवडते. ऑस्ट्रेलियाच्या शेन रेडल यांनी १९९० च्या दशकात तिच्यावर बरंच काम केलं. या विषाणूला काही जातींच्या काकाकुव्यांच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवता येतात. गुलाबी छातीच्या गाला काकाकुव्याचं रक्त यासाठी वापरतात. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या थाळीत नमुना क्रमाक्रमानं पातळ करत जायचं आणि त्यात तांबड्या पेशी घालायच्या. विषाणू नसला तर पेशी खळग्याच्या तळाशी कुंकवाच्या टिकलीसारख्या गोल बसतात. असला तर त्या जाळं विणून सगळ्या खळग्यात पसरतात. कितव्या खळग्यापर्यंत जाळं दिसतं, त्यावरून विषाणूचं प्रमाण. आणि याच चाचणीत पक्ष्याचा रक्तद्रव घालून विषाणूला चिकटवण्यापासून रोखता येतं का, हे पाहिलं की प्रतिपिंडं मोजता येतात.

या दोन आकड्यांची जोडी बोलकी असते. पिसात विषाणू भरमसाट आणि रक्तात प्रतिपिंडं जवळपास नाहीत, तर पक्षी हरतो आहे. प्रतिपिंडं भरपूर, विषाणू नाही, तर तो लढून बाहेर आलेला आहे. नुसत्या पीसीआरवर भागवणाऱ्या प्रयोगशाळेत ही दुसरी बाजू कळतच नाही. काकाकुव्याचं ताजं रक्त सगळीकडे मिळत नाही हे खरं, पण त्यापायी प्रश्नच विचारायचा सोडून दिला, हे बरं झालेलं नाही.

लढून बाहेर आलेल्या पक्ष्यांची किंमत मॉरिशसमध्ये समजते. तिथला एको पोपट १९८० च्या दशकात डझनभर पक्ष्यांवर आला होता. ढोल्या राखून, पिल्लं वाढवून, सोडून त्याची संख्या वर आणली आणि २००५ च्या सुमाराला त्याच्यात चोच-पीस रोगाचा उद्रेक झाला. बेटावर त्याचा एक जवळचा नातेवाईकही राहतो. तो म्हणजे आपल्या अंगणातला, पेरूवर तुटून पडणारा, गळ्यात गुलाबी कंठी असलेला राघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातून सुटून तो तिथे रुजला. आपल्याकडच्या पिंजऱ्यांतून निघालेल्या या पक्ष्यानं लंडनपासून जोहान्सबर्गपर्यंत संसार थाटले आहेत. मॉरिशस हा त्यातला एक मुक्काम. दोघांतही हा विषाणू सापडला. संशोधकांकडे १९९३ पासूनचे एको पोपटांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने होते. ते काढून विषाणूची जनुकं वाचली, तेव्हा उद्रेकाच्या सुमारास विषाणूच्या प्रती काढणाऱ्या जनुकात बदल होऊन एका नव्या प्रकारानं जुन्यांना पार हटवल्याचं दिसलं. एको पोपट मात्र संपला नाही. पक्षी मेले, पण उरलेले वाढत राहिले आणि आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे. तिथे सगळे पक्षी पकडून पिंजऱ्यात घालायचा निर्णय झाला असता, तर काय झालं असतं?

ब्राझीलचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. रानातला स्पिक्सचा मकाव अकरा पक्ष्यांचा, आणि त्या रानात इतर जातींचे पोपटही आहेत ज्यांचा या परक्या विषाणूशी बहुधा कधी सामना झालेला नाही. तरीही पॉझिटिव्ह अहवालावरून थेट निर्णयाकडे जाणारी एकच पायवाट नसते, हे मॉरिशसकडे पाहून कळतं.

*

पोपटांच्या विषाणूंच्या यादीत आणखी काही मंडळी आहेत. पॉलिओमाव्हायरस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बजरीगरांच्या पिल्लांत नोंदला गेला. पंख फुटायच्या वयातली पिल्लं पटापट मरतात आणि आई-बाप मात्र मजेत दाणे टिपत असतात. त्यासाठी विष्ठामार्गाचा स्वॅब घेतात, आणि या रोगावर अमेरिकेत लसही निघाली आहे. चोच-पीस रोगावर बाजारात लस नाही. पाचेको रोग हर्पिस कुळातला. त्यात पक्षी सकाळी ठीक आणि संध्याकाळी मेलेला असतो, त्यामुळे निदान बहुधा शवविच्छेदनात यकृत-प्लीहा तपासूनच होतं.

पाचेको यांची गोष्ट इथे सांगायला हवी. १९३० च्या सुरुवातीला जगात पोपटतापाची दहशत पसरली होती. अमेरिकेत ॲनापोलिसच्या एका गृहस्थानं बायकोसाठी पोपट आणला, तो ख्रिसमसच्या सुमारास मेला आणि घरातली माणसं आजारी पडली. वॉशिंग्टनच्या सरकारी हायजीनिक लॅबोरेटरीत डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी तळघरात आजारी पोपट ठेवून शोध सुरू केला. त्यांचा सहायक हेन्री अँडरसन त्यातच गेला, आर्मस्ट्राँगही आजारी पडले आणि अखेर संचालकांनी इमारत रिकामी करून सायनाइडची धुरी दिली. त्याच धामधुमीत ब्राझीलमध्ये पाचेको आणि बियर हे मरणारे पोपट तपासत होते. आपल्यासमोरचा रोग पोपटताप नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आलं. गंमत अशी की पोपटतापाचा जंतू बारीक गाळणीतून आरपार जाई म्हणून तो पुढे कितीतरी वर्षं मोठ्या विषाणूंत मोजला गेला. तो जिवाणू आहे हे १९६० च्या दशकात पक्कं झालं. हा रोग प्रतिजैविकानं बरा होतो आणि तो माणसालाही होतो. त्यामुळे आजही प्रयोगशाळांच्या ‘पोपट पॅनेल’मध्ये विषाणूंच्या रांगेत हा जिवाणू बसलेला असतो, आणि तो असलाच पाहिजे.

सगळ्यांत खट्याळ मात्र बोर्नाव्हायरस. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणलेले मकाव खात राहूनही वाळत जात. दाणा न पचताच विष्ठेतून पडे, जठर फुगे, काहींना झटके येत. मेल्यावर जठराच्या नसांभोवती पेशींची गर्दी दिसे. तीस वर्षं कारण मिळालं नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जो डेरिसी यांच्या प्रयोगशाळेनं, आणि त्याच वेळी इयन लिपकिन यांच्या गटानं, एक नवा बोर्नाव्हायरस शोधून काढला. डेरिसी यांची व्हायरोचिप ही हजारो विषाणूंचे तुकडे टिपणारी काचपट्टी. २००३ मध्ये सार्सचा विषाणू ओळखायला तिनं हातभार लावला होता. चाचणी आली आणि गोंधळ वाढला. कारण ठणठणीत दिसणारे कितीतरी पोपट पॉझिटिव्ह निघाले. त्यातले काही आयुष्यभर आजारी पडत नाहीत. उलट बाधित पक्षी विषाणू रोज बाहेर टाकत नाही, त्यामुळे एका दिवसाचा निगेटिव्ह स्वॅब फारसं काही सांगत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं अनेक नमुने, जोडीला प्रतिपिंडांची चाचणी, एवढं केल्यावर कुठे थोडा अंदाज येतो. हा आरएनए विषाणू असल्यानं नमुना थंड राहायला हवा, हे आणखी वर. मे महिन्यात कुरिअरच्या पोत्यात दोन दिवस तापलेला स्वॅब निगेटिव्ह आला, तर तो पक्ष्याबद्दल काही सांगतो की उन्हाबद्दल?

*

महाराष्ट्रात पक्ष्यांच्या रोगाची सरकारी यंत्रणा आहे, पण ती कोंबड्यांभोवती उभी राहिलेली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. पुण्यात औंधला पश्चिम विभागीय रोग निदान प्रयोगशाळा आहे. बर्ड फ्लूत पैसा आहे, माणसाला धोका आहे, म्हणून तिथे तत्परता आहे. पोपटाच्या पिसांसाठी कुणी रात्री गाडी पाठवत नाही.

परदेशी पोपट पाळणाऱ्यांना आता नोंदणीचे नियम आहेत. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. तरीही गल्लोगल्ली मिठू पिंजऱ्यात आहेतच, आणि कायद्याच्या धाकानं त्यांचे मालक त्यांना डॉक्टरकडे नेत नाहीत. पीस झडलं तर ‘उन्हाळा आहे’ म्हणतात. या लाखमोलाच्या बंदीचा हा एक अनवधानानं झालेला परिणाम: जो पक्षी चाचणीसाठी सर्वांत आधी हाती यायला हवा, तोच लपवला जातो. २०२३ मध्ये स्पिक्सच्या मकावांपैकी २६ जर्मनीहून जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात आले, तेव्हा हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला; पण त्याची चर्चा परवाने आणि मालकी यांपलीकडे फारशी गेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोल्यांतून काढलेली राघूंची पिल्लं बाजारात येतात. वनखात्याच्या धाडीत ती सापडतात, एखाद्या केंद्रात वाढवली जातात आणि पंखांत बळ आलं की सोडली जातात. पाच ठिकाणांहून आलेली पिल्लं एका पिंजऱ्यात राहतात, कधी शेजारच्या खोलीत कुणीतरी टाकून दिलेला कॉकेटील किंवा लव्हबर्डही असतो. सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाची पीसीआर करावी, असं सांगणं सोपं आहे. पैसे कोण देणार, हे विचारलं की सगळे गप्प होतात. मग निदान एवढं तरी व्हावं. सोडायच्या आधी प्रत्येक पिल्लाच्या रक्ताचा एक थेंब गाळण कागदावर घ्यावा, तारीख आणि ठिकाण लिहून वाळवावा आणि कोरड्या डब्यात ठेवून द्यावा. असा वाळलेला थेंब वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याला फ्रीजही लागत नाही. पुढेमागे कुठल्या रानात पिसं झडलेले राघू दिसले, तर विषाणू कधी आणि कुठून आला हे शोधायला हातात काहीतरी असेल. मॉरिशसवाल्यांच्या हातात होतं.